एमएमआर लसीच्या फॉरवर्डला उत्तर कसं लिहायचं?

ए-२०४: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझम (स्वमग्नता) होतो, हा मेसेज ग्रुपवर पुन्हा फिरतोय. खाली नुसतं ‘फेक’ लिहून थांबू नका. ‘मग लक्षणं आली कशामुळे?’ हा प्रश्न तसाच राहतो आणि उत्तर म्हणून जुनीच गोष्ट मनात टिकते.

सी-५०१: ताई, मग लिहायचं काय?

ए-२०४: खरं कारण. बऱ्याच देशांत ही लस १२ ते १५ महिन्यांच्या वयात देतात. ऑटिझमची लक्षणं पालकांच्या नजरेत भरू लागतात तीही त्याच सुमारास. पाठोपाठ घडलं, म्हणून लसीवर संशय जातो. डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा धोका वाढलेला दिसला नाही.

बी-१०३: दाव्याचं मूळही द्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा लेख, मुलं फक्त १२, तुलनेला लस न घेतलेली मुलंच नव्हती. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला.

ए-२०४: क्रम महत्त्वाचा. पहिलं वाक्य खऱ्या माहितीचं. मग ‘पुढचा दावा चुकीचा आहे’ असं बजावून दावा एकदाच, तो का चुकला ते, आणि शेवटी पुन्हा खरी माहिती. दावा चारदा लिहिलात तर तोच ओळखीचा होतो, आणि ओळखीचं वाक्य खरं वाटू लागतं. १९७७ पासूनच्या प्रयोगांत हे दिसलंय.

डी-३०५: मूळ मेसेज पुन्हा फॉरवर्ड करू नका. स्क्रीनशॉट लागलाच तर फुली मजकुरावरच मारा. कोपऱ्यातला शिक्का कापला जातो आणि खोटं एकटंच पुढे जातं.

सी-५०१: पण चूक दाखवली की लोक आणखी हट्टाला पेटतात म्हणे?

बी-१०३: २०१० च्या एका शोधनिबंधावरून तो समज पसरला. पुढे ५२ मुद्द्यांवर तपासून पाहिलं, तसं जवळपास कुठेच झालं नाही. त्या भीतीने गप्प बसणं जास्त महाग पडतं.

डी-३०५: फक्त खासगीत सांगावं का?

ए-२०४: दोन्ही करा. पाठवणाऱ्या काकांना आधी खासगीत: ‘काका, काळजीपोटी पाठवलंत हे कळतं. यातली माहिती तपासली, ती अशी आहे.’ ‘खोटं पसरवता’ म्हटलंत की बोलणं माहितीवरून मानापमानावर जातं. काकांनी मेसेज काढला तरी ज्यांनी वाचलाय त्यांच्या डोक्यातून तो जात नाही, म्हणून ग्रुपवरही उत्तर हवंच, काकांचं नाव न घेता. मसुदा असा:

‘एमएमआर लसीने ऑटिझम होत नाही, लाखो मुलांच्या अभ्यासात तसा संबंध आढळलेला नाही. १९९८ च्या एका लेखातला याउलट दावा चुकीचा होता. तो १२ मुलांवर बेतला होता आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. लसीचं वय आणि लक्षणं दिसण्याचं वय जवळपास एकच असल्याने गैरसमज होतो. लस गोवर, गालगुंड आणि रुबेलापासून वाचवते.’

बी-१०३: लिंक मूळ अभ्यासाचीच जोडा. आणि दोनेक आठवड्यांनी हाच मजकूर पुन्हा टाका, दुरुस्तीचा परिणाम हळूहळू ओसरतो.