टॅपेट कव्हरच्या बोल्टचे आटे गेले, हेडच बदला म्हणतायत, खरंच गरज आहे का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) ऑईल झिरपत होतं म्हणून गॅस्केट आणलं आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायला बसलो, वॉचमन पण येऊन उभा राहिला बघायला. काढताना काही त्रास नाही. लावताना शहाणपणा नडला. मॅन्युअलमध्ये १० न्यूटन मीटर लिहिलंय म्हणून टॉर्क पाना घेऊनच करायचं ठरवलं, आता माझ्याकडे आहे तो अर्धा इंचवाला, २८ ते २१० चा, तो पार खाली फिरवून अंदाजे १० ला आणला आणि कट्ट आवाजाची वाट बघत बसलो. आवाज काय आलाच नाही. बोल्ट आधी घट्ट झाला आणि मग एकदम हलका होऊन नुसता फिरायलाच लागला. बाहेर काढला तर आट्यांना ॲल्युमिनियमचा कीस गुंडाळलेला. पोटात गोळाच आला.
दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. एक म्हणतो हेड (त्या कव्हरखालचा इंजिनचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग) उतरवून बदलावं लागेल, दुसरा म्हणतो एम८ चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा, मोठा बोल्ट मारून देतो अर्ध्या तासात. बोल्ट एम६ चा आहे, एक्झॉस्टच्या बाजूचा, कोपऱ्यातला. बाकीचे सगळे बसलेत. नक्की काय करू?

पाना_हातोडी:
भावा टेन्शन नको घेऊ. भोकात एपॉक्सी पुट्टी भर, बोल्टला ग्रीस लावून आत दाब, सुकलं की बोल्ट काढून परत लाव, झाले आटे. बाईकच्या साईड कव्हरला केलेलं, दोन वर्षं झाली.

वागळे_रिटायर्ड:
साईड कव्हरचं ठीक आहे रे, तिथे नुसतं झाकण धरायचं असतं. इथे खाली हेड तापतं, गार होतं, परत तापतं, आणि पुढच्या वेळी कव्हर काढताना सगळी पुट्टी बोल्टबरोबर बाहेर येईल. नको.
घोडबंदरकर, तू आधी शांत हो. एका एम६ बोल्टसाठी कुणी हेड बदलत नाही. माझी अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये टूल रूमला गेली, आम्ही नवीन ॲल्युमिनियमच्या पार्टमध्येसुद्धा मुद्दाम हेलिकॉईल (भोक थोडं मोठं करून आत बसवायची, आट्यांचं काम करणारी स्प्रिंगसारखी तार) टाकायचो, कारण ती स्टेनलेसची तार मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त वेळा उघडझाप सहन करते. म्हणजे हे जुगाड नाही, नीट केलं तर मूळच्यापेक्षा पक्कं होतं.
पण त्याच्याआधी एक फुकटचं बघ. बारीक तार घालून भोकाची खोली मोज आणि बोल्ट किती आत जातो ते मोज. पुष्कळदा खाली चार-पाच मिलीमीटर आटे कोरे असतात, कंपनीचा बोल्ट तिथपर्यंत पोचतच नाही. तसं असेल तर तेवढा लांब बोल्ट लावून काम भागेल. फक्त बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट खांदेवाला असतो, खांदा हेडवर टेकला की गॅस्केट जेवढं दबायचं तेवढं दबलं, त्यापुढे तू जो जोर लावतोस तो सगळा आटे खायला. साधा लांब बोल्ट लावलास तर तो खांदा राहणार नाही, हे लक्षात ठेव.
एम८ चं सोड. कव्हरचं भोक आणि त्यातलं रबर एम६ च्या मापाचं, ते पण मोठं करणार का? आणि हेडवरच्या त्या उंचवट्याला भिंत किती उरेल? एकदा चिरला की मग खरंच हेडचा खर्च.
कॉईल टाकायची तर ड्रिल ६.३ चं. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मात्र किटमधलाच, बाहेरचा एम७ चा टॅप चालत नाही, कॉईलच्या टॅपची बाहेरची मापं ७.३ च्या आसपास जातात आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ चाच राहतो. कॉईलची लांबी ९ मिमी घे, म्हणजे व्यासाच्या दीडपट. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण कर, भोक बंद आहे, खाली ऑईलची वाट असू शकते. टॅप सरळ चाललाय का ते गुण्या लावून दोन बाजूंनी बघ, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० मारत राहा नाहीतर ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बाजूला चिंध्या कोंबून ठेव, आणि किती कोंबल्यास ते मोजून ठेव. हसू नका, एकाची आत राहिलेली मी पाहिलीय.

नेरुळची_पानेवाली:
काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त जिथे माझी फजिती झाली ते सांगते. कॉईलच्या खालच्या टोकाला आडवी शेपटी असते, तिला धरूनच कॉईल आत फिरवतात आणि शेवटी पंच ठोकून ती तोडायची. कॉईल वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा आटा खाली जाऊ दे, वर राहिली तर बोल्ट लावताना तीच उचलली जाते. माझी शेपटी तुटली आणि मी मोठ्या ऐटीत मॅग्नेट घातला. ढिम्म. स्टेनलेस ना! ॲल्युमिनियमचा कीस तर काय, तो पण मॅग्नेटला येत नाही. शेवटी बारीक चिमटा आणि ड्रिंकच्या स्ट्रॉवर व्हॅक्यूम क्लीनर लावून काढली. आणि हवेचा प्रेशर मारू नकोस कव्हर उघडं असताना, सगळा कीस कॅममध्ये.
किट नागदेवीला मिळेल, मशीद बंदरला उतरून चालत जा. रविवारी नको जाऊस, बहुतेक दुकानं बंद.
आणि तोवर गाडी चालवू नकोस, एक्झॉस्टच्या बाजूला ऑईल टपकत असेल तर तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहून बोनेटमधून धूर बघायचा नसेल तर.

पाना_हातोडी:
पुट्टी मागे घेतो 😅 काका, हे स्पार्क प्लगच्या भोकालापण चालतं का?

वागळे_रिटायर्ड:
चालतं, पण तिथे भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं. टॅपला भरपूर ग्रीस फास म्हणजे कीस चिकटून बाहेर येतो, दर दोन फेऱ्यांनी काढून पूस. मी तर तिथे तारेपेक्षा घन बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) पसंत करीन. आणि हेड बोल्ट वेगळी गोष्ट, तो घरी करायचा नाहीच.

घोडबंदरकर:
अपडेट. खाली कोरे आटे नव्हते, त्यामुळे लांब बोल्टचा विषय संपला. मंगळवारी हाफ डे टाकून नागदेवीला गेलो, किट आणलं. पण खरं सांगतो, ड्रिल हातात घेतल्यावर हात थरथरायला लागला, मग वागळेतल्या एका लेथवाल्या दादांना विनवून घरी आणलं. त्यांनी हाताच्या टॅपनेच केलं, वीस मिनिटं. मी नुसता टॉर्च धरून होतो आणि चिंध्या मोजत होतो, सहा. बोल्ट पाव इंचाच्या छोट्या टॉर्क पान्याने ८ वर लावला, थोडा कमीच ठेवला, दोन दिवस झाले, एक थेंब नाही. मोठा पाना आता फक्त चाकाच्या नटांना.

नेरुळची_पानेवाली:
मस्त! शेपटी मिळाली ना?

घोडबंदरकर:
मिळाली. चिंधीत अडकली होती, पाचव्या.