लाइन, ओळ आणि सूत

परवा भाचीने विचारलं, "मामा, लाइन म्हणजे ओळच ना?" तिच्या वहीत तोच एक अर्थ लिहिलेला होता. मी हो म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून हाक आली, "लाइन ऊनी का रे?" केळीला पाणी सोडायचं होतं आणि मोटारीसाठी थ्री फेज विजेची वाट बघणं चाललं होतं. भाची हसली, "मामा, ओळ आली का म्हणे!"

तेव्हाच ठरवलं, या शब्दाबद्दल नीट लिहायचं.

आमच्या भुसावळला 'नागपूर लाइन' आणि 'इटारसी लाइन' फुटतात, जळगावहून 'सुरत लाइन' निघते. इथे लाइन म्हणजे नुसते रूळ नव्हेत, गाडी कुठल्या वाटेची ते. रेशनच्या दुकानात लाइन म्हणजे रांग. (इंग्लंडात रांगेला 'क्यू' म्हणायची रीत, 'लाइन' अमेरिकेतली.) "तो कापसाच्या लाइनमध्ये आहे" म्हटलं की धंदा. नाटकातल्या नटाच्या लाइन्स म्हणजे त्याची वाक्यं. तिथे 'ओळी' लिहिलं तर कविता वाटते. फोनवरच्या 'होल्ड द लाइन'ला तर 'फोन ठेवू नका' एवढंच पुरे.

एवढे अर्थ एका शब्दात आले कसे? मूळ शोधलं तर ते निघतं जवसात. लॅटिनमध्ये जवस म्हणजे 'लिनुम', आणि त्याच्या धाग्याला 'लिनेआ'. जवसाच्या शास्त्रीय नावात आजही 'लिनम' आहेच. आपण जवस ओळखतो तो तेलाचा आणि चटणीचा, म्हणून त्याचा धागा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. लिनन कापड त्याच धाग्याचं. कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून 'टू लाइन' म्हणजे अस्तर लावणं. शिंपी ज्याला लायनिंग म्हणतो ते हेच, आणि तिथे 'ओळ' अजिबात चालत नाही.

धागा ताणला की सरळ रेघ दिसते. रेघेवरून अक्षरांची ओळ, माणसांची रांग, वाट, सीमा असे अर्थ फुटत गेले. 1972 च्या सिमला करारानंतरची 'लाइन ऑफ कंट्रोल' आपण 'नियंत्रण रेषा' केली, ते अगदी योग्य झालं.

पण मला खरा आनंद झाला तो गवंड्याच्या कामावर. घराच्या मागची भिंत चालू होती. त्याने दोन टोकांना खिळे ठोकले, सुतळी ताणली, अंगठ्याने टिचकी मारून पाहिली आणि पोऱ्याला म्हणाला, "लाइनदोरी ढिली पडली, ओढ." लाइन म्हणजे मुळात दोरीच, आणि त्याने दोन्ही शब्द शेजारी बसवले होते! मग विटांवरून डोळा फिरवून म्हणाला, "आता सुतात आली."

सुतात! म्हणजे आपलं सूतही त्याच वाटेने गेलं आहे. धागा, मग सरळपणा ('सुतासारखा सरळ'), मग गवंडी-सुतारांचं माप. संस्कृतातल्या 'सूत्रा'चा नियम झाला तोही धाग्यावरूनच. कापसाच्या मुलखात हे आपल्या तोंडी रोज असतं आणि शिकवताना मात्र आपण 'लाइन म्हणजे ओळ' म्हणून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाचीच्या वहीत आता ओळ, रांग, रेषा, वाट, धंदा, अस्तर असे सहा अर्थ आहेत, आणि सगळ्यांच्या वर 'धागा'. मासे धरायच्या गळाच्या दोरीलाही इंग्रजीत लाइनच म्हणतात. तापीकाठी तिला वेगळा शब्द असेल तर सांगा, तोही लिहून घेऊ.