उपचारांच्या काळातल्या कपड्यांची गोधडी करायची आहे, मदत हवी

कोथरूडची_आई
मुलगी नऊ वर्षांची. ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) उपचार संपलेत, शाळा पुन्हा सुरू झाली आहे. डोक्याला बांधायचे रुमाल, दोन टीशर्ट, उशीचा अभ्रा, मनगटाचे पट्टे आणि कागद जपून ठेवलेत. त्यांची भिंतीवर टांगायची गोधडी करायची आहे, पण त्यात आजारापेक्षा त्यानंतरचं तिचं जगणं दिसायला हवं. साधी गोधडी येते. इतक्या तऱ्हेची कापडं एकत्र कशी बसवायची? कागदांचं काय करू? जमलं तर पुढे बालगंधर्व कलादालनात गटप्रदर्शनात लावायची इच्छा आहे.

धावदोरा
ताई, ३६ बाय ४८ इंच पुरे. बारा इंचांचे बारा चौकोन, आडवे तीन, उभे चार. शिलाईसाठी प्रत्येक चौकोन १३ इंचांचा कापा. कापण्याआधी सगळं धुऊन घ्या. ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का पाहा, लाल आणि काळ्याचा बरेचदा जातो. मिठाच्या पाण्याने तो पक्का होत नाही, तेव्हा असं कापड सरळ बाजूला ठेवा.

टीशर्टचं होजिअरी कापड ताणतं, त्याला मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर हवं (रविवार पेठेत मिळेल). इस्त्री दाबायची आणि उचलायची. फिरवलीत तर चौकोन तिरका होतो. सुळसुळीत रुमाल आधी मलमलीवर टाचा, मगच कापा.

आत जुन्या सुती साडीचे दोन थर, मागे मलमल. मागचं कापड चारही बाजूंनी ३ इंच मोठं ठेवा, धावदोऱ्याने गोधडी आवळते आणि कडा कमी पडतात. कच्चे टाके मधून कडेकडे, चार-चार इंचांवर. हे टाळलं की मधे फुगे येतात आणि ते नंतर निघत नाहीत. टांगण्यासाठी मागे वरच्या कडेला ४ इंचांचा नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घाला. कोपऱ्यांना कड्या लावल्या तर मधला भाग झोळीसारखा लोंबतो.

कागदपत्र_जतन
बिलं आणि ईसीजीच्या पट्ट्या बहुतेक थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात. उन्हाने अक्षरं उडतात, इस्त्रीने कागद काळा पडतो, पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातही छपाई पुसट होते. त्यामुळे मूळ कागद गोधडीत नको. आजच ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि हवा तेवढा भाग कापडावर छापून घ्या. कॉफीचे मग आणि टीशर्ट छापणारे पुष्कळदा सब्लिमेशन (उष्णतेने शाई उतरवायची छपाई) करतात, ते पॉलिएस्टरवरच टिकतं. सुती कापड असेल तर दुकानात तसं आधी सांगा.

मनगटाचा पट्टा ऑर्गंझाच्या (पातळ, पारदर्शक कापडाच्या) छोट्या खिशात ठेवा, तोही सगळी इस्त्री संपल्यावर. नाव, नोंदणी क्रमांक, बारकोड यांवर टाके घालून ते झाका. रिपोर्टवरचा क्यूआर कोड तर छापूच नका. काही लॅबचा कोड मोबाइलने स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो, आणि प्रदर्शनात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो.

बालरुग्ण_समुपदेशक
बारापैकी चारच चौकोन आजाराचे ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती. बाकीच्यांत शाळा, सायकल, मैत्रिणी, तिचं आत्ताचं चित्र. दोन चौकोन कोरे सोडा, ते तिचे.

प्रत्येक गोष्ट तिला दाखवून विचारा, तेही दोनदा: घरात चालेल का, आणि बाहेरच्यांना दाखवलेली चालेल का? दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. स्टेरॉइडने चेहरा सुजलेला असतानाचे फोटो मुलांना फार खुपतात, ते तिने स्वतःहून निवडले तरच घ्या. आजाराचे चार चौकोन शिवून न टाकता खाली साधं कापड घालून टिचबटणांवर बसवा. पंधराव्या वर्षी तिला ते नको झाले, तर गोधडी न उसवता काढता येतील.

तिला शिवायला घेणार असाल तर एक लक्षात असू द्या. ल्युकेमियाच्या उपचारातल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधामुळे बोटांत बधिरपणा आणि कमजोरी येते, औषध थांबल्यावरही काही महिने राहू शकते. बारीक सुई धरता आली नाही की मूल खट्टू होतं. तिने कापडावर जाड खडूने रेघ मारावी, त्यावर तुम्ही टाका घाला.

कोथरूडची_आई
चौकोनांचं पटलं, तिला आज विचारते. अभ्र्यावर बीटाडीनचा डाग आहे, तो राहू द्यावा असं वाटतं. सलाइनची नळीही लावायची होती, हॉस्पिटलात मागू का?

धावदोरा
बीटाडीनमध्ये आयोडीन असतं, त्याचा डाग आपोआप फिका होत जातो, भरवशाचा नाही. आत्ताच त्याच्या कडेने तपकिरी दोऱ्याने उलटी टीप घाला, म्हणजे डाग गेला तरी आकार राहील. तिला तो नको असेल तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून लावा, बराचसा निघेल.

वापरलेली नळी मागू नका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार ती लाल पिशवीत जाते, बाहेर देता येत नाही. औषधाच्या दुकानातून नवा सेट घ्या, सुई असेल तर ती दुकानातच काढून घ्या. टाका नळीवरून घ्या, आरपार नको, भोकाशी नळी चिरत जाते.