४एस आधी भरतं, मग रिकामंही तेच आधी का होतं? (बारावी, डी-ब्लॉक)

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार. मी बी.कॉम., तेही वीस वर्षांपूर्वीची. मुलगा यंदा बारावी सायन्सला. रात्री ओटा आवरला की त्याच्याजवळ बसते. तो पाठ म्हणतो, मी वहीत बघून तपासते, माझी मदत एवढीच. काल मात्र तपासता तपासता मीच अडकले.

मोबाइलवर आकडा वर चढवून लिहिता येत नाही, म्हणून डॅशनंतरचा आकडा इलेक्ट्रॉनांचा समजा. ४एस, ३डी ही अणूत इलेक्ट्रॉन बसायच्या जागांची नावं, आणि [आर्गॉन] म्हणजे आतले आर्गॉनइतके इलेक्ट्रॉन. लोखंड, २६ नंबर. वहीत आहे [आर्गॉन] ३डी-६ ४एस-२. भरायचा क्रम त्या तिरप्या बाणांच्या तक्त्यावरून, आधी ४एस, मग ३डी. इथवर मलाही समजलं. चाचणीत विचारलं की फेरस आयनचं कॉन्फिगरेशन लिहा, म्हणजे लोखंडातून दोन इलेक्ट्रॉन गेलेले. पोराने शेवटी भरलेले दोन काढले आणि ३डी-४ ४एस-२ लिहिलं. शून्य मार्क. बरोबर उत्तर ३डी-६, आणि ४एस रिकामं.

आमच्याकडे पिकअपमध्ये द्राक्षांचे क्रेट चढवतात. जो आधी आत गेला तो मार्केटला शेवटी उतरतो, मधलाच कसा काढणार? पोराने क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "४एस बाहेरचं, बाहेरचे आधी जातात, पाठ कर." बाहेरचं होतं तर आधी भरलं कशाला, हा त्याचा प्रश्न. आता माझाही.

नीट_दुसऱ्यांदा

काकू, इतकं खोलात नका जाऊ. भरताना ४एस आधी, काढताना पण ४एस आधी. क्रोमियम ३डी-५ ४एस-१ आणि तांबं ३डी-१० ४एस-१, हे दोन अपवाद पाठ. अर्धं भरलेलं आणि पूर्ण भरलेलं डी स्थिर असतं म्हणून. आमच्या सरांनी कारण असं दिलं होतं की भरेपर्यंत ४एस खाली असतं, भरलं की वर जातं.

निवृत्त_मास्तर_कराड

ताई, तुमच्या पोराला शून्य मिळालं असेल, पण प्रश्नाला मी पैकीच्या पैकी देतो. ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं शिकवलं, दरवर्षी निम्मा वर्ग फेरसला हेच उत्तर लिहायचा. पहिली काही वर्षं मीही "पाठ करा"च म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

तुमचा पिकअप चांगला आहे, त्याच्यावरूनच सांगतो. क्रेट उतरवता ती गाडी तीच असते, जी तुम्ही भरली. पण तो बाणांचा तक्ता एका गाडीत माल कसा चढवला हे सांगतच नाही. तो पोटॅशियम, कॅल्शियम, स्कँडियम, टायटॅनियम अशा रांगेत उभ्या असलेल्या वेगवेगळ्या गाड्यांकडे बघतो. एका गाडीतून पुढच्या गाडीकडे जाताना एक इलेक्ट्रॉन वाढला आणि केंद्रकात एक प्रोटॉनही वाढला. फेरस आयन करताना मात्र केंद्रकाला कुणी हात लावत नाही, ते २६ प्रोटॉनचंच राहतं.

पोराला हा हिशोब करायला सांगा. फेरस आयनमध्ये इलेक्ट्रॉन किती? २४. क्रोमियमच्या अणूत किती? तेही २४. तक्त्यावर लोखंडापासून दोन घरं मागे आलात की क्रोमियमला पोचता, फेरसला नव्हे. क्रोमियम ३डी-५ ४एस-१ आणि फेरस ३डी-६. इलेक्ट्रॉन तेवढेच, मांडणी वेगळी, कारण आत दोन प्रोटॉन जास्त. ती जादा ओढ ३डीला जास्त जाणवते. ३डी आटोपशीर, केंद्रकाच्या जवळ. ४एस पसरलेलं.

आता "भरलं की वर जातं" याबद्दल. बाळा नीटवाल्या, तुझ्या सरांची ही गोष्ट मीही सांगितलेली आहे, पण ती चुकीची आहे. पोटॅशियम आणि कॅल्शियमला ४एस खरंच ३डीच्या खाली आहे. स्कँडियमपासून ३डी खाली उतरतं. याचा पुरावा आहे. स्कँडियमचे तीन इलेक्ट्रॉन काढा, उरेल नुसता आर्गॉनचा गाभा. आता एकेक परत घाला. पहिला कुठे जातो? ३डीमध्ये! दुसरा ४एसमध्ये, तिसराही ४एसमध्ये. म्हणजे एकाच गाडीत माल चढवून पाहिला तर ३डी आधी भरतं आणि ४एस शेवटी, आणि काढताना ४एस आधी. ताई, तुमचा क्रेटचा नियम इथे पाळला गेलाय की हो. चुकीचा होता तो भरण्याचा क्रम.

मग सगळे ३डीतच का बसत नाहीत? जागा अरुंद आहे म्हणून. ३डीतले इलेक्ट्रॉन एकमेकांना फार ढकलतात. दुसरा आणि तिसरा इलेक्ट्रॉन लांबच्या ४एसमध्ये गेला तर सगळ्या अणूची मिळून ऊर्जा कमी पडते. एकेका ऑर्बिटलची पायरी मोजत बसू नये, घरखर्चाची बेरीज बघावी.

हे सगळं कागदावर पटत नसेल तर शेडमध्ये जा. मोरचूद असेलच, झिंक सल्फेटही असणार. झिंक सल्फेट पाण्यात टाका. रंग? काहीच नाही. जस्त ३डी-१० ४एस-२. दोन इलेक्ट्रॉन ४एसमधून गेले तर ३डी-१० उरतं, घट्ट भरलेलं, डीमधल्या डीमध्ये उडी मारायला जागा नाही, म्हणून रंग नाही. पोराच्या पद्धतीने ३डीतून काढले असते तर ३डी-८ उरलं असतं. निकेलचा आयन ३डी-८ असतो आणि त्याचं पाणी हिरवंगार दिसतं. मोरचुदातलं तांबं ३डी-९, एक जागा मोकळी, म्हणून निळं.

एम.एस्सी.ला आम्ही गॉय तराजूवर हेच मोजायचो. काचेच्या नळीत पावडर ठासायची, विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगायची, चुंबक चालू केला की वजन किती बदलतं ते बघायचं. एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन जितके जास्त तितकी चुंबकाची ओढ जास्त. माझ्या वाट्याला मँगनीजचा क्षार आला होता. ४एसमधून काढले तर ३डी-५, पाच एकटे इलेक्ट्रॉन, ५.९२ बोर मॅग्नेटॉन (चुंबकत्व मोजायचं एकक). ३डीतून काढले असते तर एकटे तीनच, ३.८७. माझं वाचन ५.८ च्या आसपास आलं आणि त्या दिवसापासून हा विषय मला पाठ करावा लागला नाही. गंमत म्हणजे फेरस मिळाला असता तर काहीच सिद्ध झालं नसतं! ३डी-४ असो की ३डी-६, एकटे इलेक्ट्रॉन चारच. परीक्षेत नेमका फेरसच विचारतात.

राहिलं अर्धं भरलेलं वगैरे. क्रोमियम, तांबं पाठ करा, मार्क आहेत. पण त्याला नियम म्हणू नका. क्रोमियमच्या खाली मॉलिब्डेनम, ४डी-५ ५एस-१, ऐकतो. त्याच्याखाली टंगस्टन, ५डी-४ ६एस-२, ऐकत नाही. निओबियम ४डी-४ ५एस-१, त्यात ना अर्धं ना पूर्ण. पॅलेडियम तर ५एस पूर्ण रिकामं ठेवून ४डी-१० करून बसलंय.

वर्णपटवाला

मास्तर, सगळं मान्य, एकच खोडी काढतो. "काढताना ४एस आधी" हे दोन किंवा जास्त इलेक्ट्रॉन गेल्यावर चोख लागू पडतं. एकच काढला तर नेहमी नाही. लोखंड सरळ वागतं, ३डी-६ ४एस-१. पण व्हॅनेडियम ३डी-३ ४एस-२ आहे आणि त्यातून एक काढला की ३डी-४ होतं. म्हणजे ४एसचे दोन्ही गेले, त्यातला एक बाहेर आणि एक ३डीमध्ये. कोबाल्ट, निकेलही तसेच, ३डी-८ आणि ३डी-९. हे वायुरूप एकट्या आयनचं सांगतोय, वर्णपटातून मोजलेलं.

निवृत्त_मास्तर_कराड

खोडी मान्य. निकेल तर न्यूट्रल असतानाही काठावर बसलेलं, ३डी-८ ४एस-२ आणि ३डी-९ ४एस-१ यांच्यात अंतर जवळपास नाहीच. बारावीला यातलं काही येत नाही ताई, घाबरू नका. पोराला एवढंच सांगा की आधी न्यूट्रल अणूचं पूर्ण लिहायचं, ३डी आणि ४एस पुस्तकातल्यासारखं शेजारी, मग ४एस खोडायचं, कमी पडले तर ३डीला हात. फेरिक म्हणजे तीन गेलेले, ३डी-५.

नीट_दुसऱ्यांदा

सर, स्कँडियमचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पण एमसीक्यूमध्ये "४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी" असा ऑप्शन आला तर टिक करायचा का?

निवृत्त_मास्तर_कराड

कर. मार्क घे आणि घरी येऊन मनात खोड.

द्राक्षबाग_निफाड

मास्तर, क्रोमियम आणि फेरसचे दोघांचे २४ हे पोराने वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. वेगवेगळ्या गाड्या हे मला पटलं, त्याला स्कँडियम पटलं.

सकाळी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. झिंक सल्फेट पाण्यासारखंच झालं, मोरचूद निळा. हिराकसही (फेरस सल्फेट) होता, तो फिकट हिरवा, त्याचा ३डी-६ पोराने न विचारता सांगितला. ह्यांनी विचारलं, फवारणी नाही आज, मग काय घोळताय? मग पोराने डोकं चालवलं आणि मोरचुदाचे खडे जुन्या तव्यावर भाजले. (स्वयंपाकाचा तवा नाही, भंगारातला.) निळा रंग गेला, पांढुरकी पावडर झाली. आता तो म्हणतो, तांबं तर तेच, ३डी-९ तेच, मग रंग कुठे गेला? मी काय सांगू?

निवृत्त_मास्तर_कराड

पावडर गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाकायला सांगा, निळा परत येईल. ३डी-९ जागेवरच होतं, तांब्याभोवतीचं पाणी उडालं. पाणी असताना ते तांबडा प्रकाश शोषतं म्हणून आपल्याला निळं दिसतं. पाणी गेलं की शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्ताकडे सरकतं. हा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा आहे, डी-ब्लॉकच्या लगेच पुढचा. त्यासाठी नवा धागा काढा, मी येतो.

आणि मोरचूद लोखंडी तव्यावर नको, ओल धरली की तव्यावर तांबं चढतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) करताना विळ्याचं पातं बुडवून बघता ना, तांबूस झालं तर चुना कमी? तेच. पुढच्या वेळी चिनीमातीची जुनी बशी घ्या, आणि हात धुवून मगच जेवायला बसवा त्याला.