शिंका, नैमित्तिक रजा आणि कबुतरे

डोंबिवलीकर : “नाक वाहते म्हणून रजा घेणारे कामचुकार असतात, एक सेट्रिझिन घ्यावी आणि लोकल पकडावी,” असे ठाणेकरांनी परवा लिहिले. ती ॲलर्जीची गोळी मी चौदा वर्षे घेतो आहे. रात्री घेतली तरी सकाळच्या जलद लोकलमध्ये उभ्याउभ्या डोळे मिटतात. एकदा दादरला उतरायचे होते, जाग आली ती भायखळ्याला. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी, हिवाळ्यात बांधकामांची धूळ, आणि गालाच्या हाडांमागे असा ठणका की खालच्या कप्प्यातील फाइल काढायला वाकलो तर कपाळ फुटेल असे वाटते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ नैमित्तिक रजा दिल्या आहेत. माझ्या रजा गणपतीपर्यंत संपतात.

ठाणेकर : त्रास मी नाकारलेला नाही. परंतु सेट्रिझिनने झोप येत असेल, तर फेक्सोफेनाडीन चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्याचे चौदा वर्षांत सुचू नये? गेल्या मार्चअखेरीस “सायनस” म्हणून दुपारीच घरी गेलेल्या सहकाऱ्याची व्हाउचरे मी रात्री साडेनऊपर्यंत तपासत होतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा दहावीचा पेपर होता.

गिरगावकरीण : गोळ्यांची चर्चा पुरे. आमच्या कार्यालयातील एसीच्या बाहेरच्या यंत्रावर कबुतरांनी घरटे केले आहे. खिडकी उघडली की वाळलेली विष्ठा आणि पिसे थेट टेबलावर येतात. दाणे टाकणाऱ्यांना पुण्य, आणि नाके आमची!

माटुंगावासी : आला कबुतरांवर राग! ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा आपल्या शिंका थांबल्या का? कबुतरांमुळे फुप्फुसांना सूज येते तो विकार वेगळा. नाकाच्या ॲलर्जीचे मूळ बहुधा गादी-उशीतील धुळीच्या किड्यांत असते. अभ्रे शेवटचे गरम पाण्यात कधी धुतलेत?

गिरगावकरीण : म्हणजे कबुतरे नाकाऐवजी फुप्फुसे बिघडवतात, हे आपणच मान्य केलेत, आभारी आहे. माझ्या सासूबाई त्याच विकाराने घरात ऑक्सिजन लावून बसतात, तेव्हा अभ्र्यांचे धडे आपल्या घरी द्यावेत.

माटुंगावासी : सासूबाईंचे ठाऊक नव्हते. तेवढे शब्द मागे घेतो, अभ्र्यांचे नाही.

डोंबिवलीकर : हा धागा कबुतरांचा नव्हे. ठाणेकर, आपण स्वतः नाक चोंदल्यावर काय करता?

ठाणेकर : विचारलेच आहे म्हणून सांगतो. टेबलाच्या खणात झायलोमेटाझोलिनचे थेंब असतात. दोन वर्षे रोज, कधी दिवसातून चारदा. हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते, असे गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सुनावले आणि स्टेरॉइडचा फवारा दिला. त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर रात्री तोंड उघडे टाकून, बसून झोपतो. रजा मात्र घेतलेली नाही, याची नोंद घ्यावी.

डोंबिवलीकर : घेतली. उद्या व्हाउचरे कोणी तपासायची, तेही कळवावे.