जुन्या कॅसेट-स्टिरिओला ऑक्स आणि ब्लूटूथ: सिग्नल नेमका कुठे द्यायचा?

जुनाडेक:
गाडीत कंपनीचाच सिंगल डिन (एका खणाच्या मापाचा) कॅसेट-रेडिओ आहे. मागे आयएसओ सॉकेट (पॉवर आणि स्पीकरच्या तारांचं प्रमाणित जोडणं) आहे, पण सीडी चेंजरची सोय नाही. डॅशबोर्डचं रूप बदलायचं नसल्यामुळे नवा स्टिरिओ नको. ३.५ मिमीचा ऑक्स जॅक (फोन वायरने जोडायचं इनपुट) आणि ब्लूटूथ, दोन्ही हवेत. एफएम ट्रान्समीटरची खरखर नको. सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे.
१) सिग्नल कॅसेटच्या हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) तारांवर दिला तर चालेल का?
२) ब्लूटूथ मॉड्यूलला ५ व्होल्ट कुठून घ्यायचे?

सोल्डरधूर:
हेडच्या तारांना हात लावू नका. हेडमधून येणारा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टभर असतो आणि फोन देतो अर्धा-एक व्होल्ट, त्यामुळे प्रीअँप (हेडचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) लगेच फाटका आवाज काढेल. पातळी खाली आणलीत तरी प्रीअँपमध्ये टेपचं इक्वलायझेशन, म्हणजे टेपसाठी ठरलेला बास-ट्रेबलचा फेरफार (१२० किंवा ७० मायक्रोसेकंद), बसवलेलं असतं. ते बास फुगवतं, ट्रेबल दाबतं. गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटेल.

जागा आहे ती प्रीअँपच्या पुढे आणि सोर्स (रेडिओ की टेप) निवडणाऱ्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, अलीकडे. झाकण उघडून आयसीवरचे नंबर वाचा. टीडीए७३१३ किंवा त्या जातीचा ऑडिओ प्रोसेसर निघाला तर डेटाशीटमध्ये इनपुटच्या पिन सापडतील. एखादी पिन रिकामी दिसली म्हणून हुरळू नका. कोणतं इनपुट उघडायचं हे स्टिरिओचा मायक्रोकंट्रोलर (बटणं आणि मोड सांभाळणारी चिप) ठरवतो, आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये ऑक्स हा प्रकारच नाही. म्हणून टेपचंच इनपुट उसनं घ्यायचं.

प्रीअँपकडून आयसीकडे जाणारे दोन कॅपॅसिटर शोधा, एक डाव्या चॅनेलचा, एक उजव्या. त्यांचा प्रीअँपच्या बाजूचा पाय उचला आणि तिथे सिग्नल द्या. कॅपॅसिटर वाटेत राहिलाच पाहिजे. आयसीच्या इनपुटवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा डीसी असतो, म्हणजे ९ व्होल्टला साडेचारच्या आसपास, आणि तो फोनकडे जाता कामा नये. इथे बरेच जण फसतात: मूळ इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण बाजू असलेल्या) कॅपॅसिटरची धन बाजू प्रीअँपकडे असेल, तर आता ती उलटी ठरते, कारण फोनच्या बाजूला शून्य व्होल्ट आहे. धन बाजू आयसीकडे करा, नाहीतर सरळ धन-ऋण नसलेला फिल्म कॅपॅसिटर लावा. इनपुटचा रोध ५० किलोओहम धरला तर ०.४७ मायक्रोफॅरडला खालची मर्यादा ७ हर्ट्झच्याही खाली येते. मोठा लावायची गरज नाही.

वायर शील्डेड घ्या आणि शील्ड बोर्डाच्या ऑडिओ ग्राउंडला जोडा, चासीच्या जवळच्या एखाद्या स्क्रूला नाही. आवाज मोठ्या पातळीला फाटत असेल तर प्रत्येक चॅनेलला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि त्यापुढे ४.७ किलोओहम ग्राउंडला, म्हणजे सिग्नल एक-तृतीयांश होतो.

टेप मोड टिकायला डेकमध्ये कॅसेट हवी. रीळ फिरत नाही असं वाटलं की ऑटोस्टॉप ती बाहेर ढकलतो. टेप काढलेला नुसता सांगाडा म्हणूनच सगळीकडे चालत नाही. वायर कापलेला कॅसेट अडॅप्टर (फोनसाठी मिळणारी वायरवाली खोटी कॅसेट) टाका. आतले गिअर दोन्ही रिळांचं फिरणं जुळवून घेतात.

गुणगुण_शोधक:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आयएसओच्या ए ब्लॉकमध्ये ४ नंबर कायमचा १२ व्होल्ट, ७ चावीवरचा, ८ ग्राउंड. काही गाड्यांत ४ आणि ७ अदलाबदल असतात, म्हणून चावी बंद-चालू करून मीटरने बघा. चावीवरच्या तारेतून १ अँपिअरच्या फ्यूजमार्गे घ्या. कायमच्या तारेवर मॉड्यूल लावलंत तर ते रात्रंदिवस बॅटरी चाटत बसेल.

इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत मिळतात. ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावला आणि ७० मिलिअँपिअर गेले तर (१४.४ − ५) × ०.०७, म्हणजे साधारण ०.६६ वॅट उष्णता. त्याची पाठ ग्राउंडच असते, स्टिरिओच्या पत्र्याला थेट स्क्रूने आवळा.

पण एवढ्यावर थांबलात तर शिट्टी येणार, इंजिनाचा वेग वाढेल तशी चढणारी. मॉड्यूलला ग्राउंड दोन वाटांनी मिळतं, एक पॉवरच्या तारेतून आणि एक ऑडिओच्या शील्डमधून. त्या दोहोंत अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा) करंट थोडा जरी फिरला तरी तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. उपाय म्हणजे ७८०५ आणि मॉड्यूलच्या मध्ये बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर (५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देणारा, पण दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने तोडलेला). १ वॅटचा, २०० मिलिअँपिअर देणारा, पुरेसा आहे. मग मॉड्यूलला ग्राउंड फक्त ऑडिओच्या बाजूने मिळतं. त्याच्या इनपुट आणि आउटपुटचं ग्राउंड चुकूनही एकत्र करू नका, सगळा खटाटोप वाया जाईल.

ऑक्सवर फोन चार्जिंगला लावून गाणी ऐकाल तर तीच शिट्टी परत भेटेल. तिथे ऑक्सच्या वायरमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर. फार छोटा घेतला तर बास पातळ होतो.

जुनाडेक:
ऑक्स आणि ब्लूटूथ दोन्हींचे आउटपुट त्याच कॅपॅसिटरवर एकत्र बांधले तर?

सोल्डरधूर:
नको. बंद असलेला आउटपुट दुसऱ्याचा सिग्नल खाली ओढतो. आत स्विच असलेला पाच पायांचा स्टिरिओ जॅक घ्या. ब्लूटूथ त्याच्या स्विचच्या पायांवर द्या, कॅपॅसिटरकडे जाणारी वायर मुख्य पायांवर. ऑक्सची पिन घातली की ब्लूटूथ आपोआप तुटतं. कॅसेटही ऐकायची असेल तर जॅकच्या स्विचच्या पायांच्या आधी दोन चॅनेलचा साधा स्लाइड स्विच: एका बाजूला प्रीअँप, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ. प्रीअँपच्या आउटपुटवरही डीसी असतो, म्हणून त्या फांदीत वेगळा कॅपॅसिटर घाला, नाहीतर स्विच बदलताना ठप्प आवाज येईल.

पत्रापेटी:
दोन गोष्टी राहिल्या. मॉड्यूल घेताना आउटपुट बघा. सीएसआर८६४५ सारख्या चिपचे आउटपुट डिफरेन्शियल असतात, म्हणजे प्रत्येक चॅनेलला धन आणि ऋण अशा दोन सिग्नल-तारा. त्यातली ऋण बाजू ग्राउंडला चिकटवायची नाही, धन बाजू कॅपॅसिटरमधून घ्यायची. ज्यांत छोटा स्पीकर-अँप्लिफायर आधीच आहे ती मॉड्यूलं टाळाच. दुसरं, अँटेना मॉड्यूलच्या बोर्डावरच असते आणि स्टिरिओचा डबा पत्र्याचा. मॉड्यूल आत ठेवलंत तर हातभर अंतरावरही आवाज तुटेल. ते डब्याबाहेर, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमागे बांधा.

आणि स्टिरिओ काढण्याआधी त्याचा अँटी-थेफ्ट कोड हाताशी आहे का बघा. पुरवठा तुटला की तो कोड मागतो, आणि कोड नसेल तर वरचं सगळं जोडकाम मुकं राहतं.