ओकलंड अ‍ॅथलेटिक्सची 1977 ते 1979 मधील पडझड: दोष मालकाचा की कमिशनरचा? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पूर्वार्ध

1972, 1973 आणि 1974 अशी सलग तीन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकणारा ओकलंड अ‍ॅथलेटिक्स 1977 मध्ये 63 विजय आणि 98 पराभवांसह अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात तळाला गेला, आणि तोही त्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या सिअ‍ॅटल मरिनर्सच्या खाली. 1979 मध्ये तर 54 विजय आणि 108 पराभव अशी त्याहून वाईट अवस्था झाली. या पडझडीचे खापर बहुतेक वेळा मालक चार्ली फिन्ली यांच्या चिक्कूपणावर फोडले जाते. फिन्ली चिक्कू होते, हट्टी होते, आणि दूर शिकागोहून फोनवर संघ चालवण्याची त्यांची पद्धत कोणालाही उबग आणणारी होती, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या मते संघ मोडला तो 18 जून 1976 रोजी, बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक असलेले कमिशनर बोवी कून यांच्या आदेशाने.

ज्यांना हा प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या नियमानुसार खेळाडू वर्षानुवर्षे एकाच क्लबला बांधलेला असे. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी असा निर्णय दिला की नव्या करारावर सही न करता एक वर्ष खेळलेला खेळाडू मोकळा होतो. आपले बिनीचे खेळाडू हंगामाअखेर हातचे जाणार हे ओळखून फिन्ली यांनी 15 जून 1976 रोजी जो रूडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी 10 लाख डॉलरला बोस्टन रेड सॉक्सला, तर पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) वायडा ब्लू यांना 15 लाख डॉलरला न्यूयॉर्क यांकीजला विकले. तीनच दिवसांनी कून यांनी ‘खेळाच्या हितासाठी’ हे तिन्ही व्यवहार रद्द केले. हंगाम संपताच रूडी कॅलिफोर्निया एंजल्सकडे आणि फिंगर्स सॅन दिएगोकडे गेले, आणि ओकलंडच्या पदरात एक डॉलरही पडला नाही. हाच क्लब फिलाडेल्फियात असताना कॉनी मॅक यांनी आपले नामांकित खेळाडू एकदा नव्हे, दोनदा विकून टाकले होते, तेव्हा कोणालाही खेळाचे हित आठवले नव्हते.

डावखुरा

आपण पडझडीची तारीख सोयीने निवडली आहे, असे मला वाटते. कॅटफिश हंटर यांच्या करारात पगारातील 50,000 डॉलर विमा कंपनीत वार्षिकीसाठी भरण्याचे कलम होते. फिन्ली यांनी ते पैसे भरले नाहीत, म्हणून डिसेंबर 1974 मध्ये याच साइट्झ यांनी हंटर यांना मोकळे केले आणि ते यांकीजकडे गेले. त्या काळातील सर्वोत्तम पिचरांपैकी एक माणूस 50,000 डॉलरपायी गमावणारा मालक, आणि त्याला म्हणे कमिशनरने बुडवले! त्यानंतर एप्रिल 1976 मध्ये, म्हणजे कून यांच्या आदेशाच्या आधीच, रेजी जॅक्सन आणि केन होल्ट्झमन यांची बाल्टिमोरला रवानगी झाली.

आदेशानंतर काय घडले, हेही सांगायला हवे. व्यवहार रद्द झाल्यावर तिघेही खेळाडू ओकलंडकडे परतले होते. तरीही फिन्ली यांनी हट्टाने त्यांना बाकावर बसवून ठेवले, आणि उरलेल्या खेळाडूंनी सामन्यावर बहिष्काराची तयारी केली तेव्हाच ते नमले. त्या वर्षी संघ 87 सामने जिंकूनही विभागात पहिल्या आलेल्या कॅन्सस सिटीच्या केवळ अडीच सामने मागे राहिला. शिवाय हे 35 लाख डॉलर संघावर खर्च झाले असते, हे आपण कशाच्या आधारे गृहीत धरता? 1973 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये माइक अँड्र्यूज यांच्याकडून चुका झाल्या, तेव्हा त्यांना जायबंदी ठरवणाऱ्या कागदावर सही घेऊन संघाबाहेर काढू पाहणारे हेच गृहस्थ होते. असा माणूस आपल्या खेळाडूंना चांगला पगार देऊन टिकवील, यावर माझा विश्वास नाही.

पूर्वार्ध

हंटर यांच्या प्रकरणात फिन्ली यांचा बचाव करण्याचा माझा विचारच नाही. मात्र जॅक्सन फुकट गेले नव्हते. त्यांच्या बदल्यात डॉन बेलर आणि माइक टॉरेझ आले, आणि आपण म्हणता ते 87 विजय याच संघाचे आहेत. पुढच्या वर्षी ते 63 झाले. मधल्या काळात रूडी आणि फिंगर्स यांच्याबरोबर साल बँडो, बर्ट कॅम्पानेरिस, जीन टेनस आणि बेलर हेही मोकळे होऊन निघून गेले. व्यवहार होऊ दिले असते तर निदान दोघांचे मोल हाती राहिले असते. पुढे ब्लू यांना सिनसिनाटीला विकण्याचा साडेसतरा लाखांचा व्यवहारही कून यांनी 1978 च्या सुरुवातीला मोडला. न्यायालयाने कमिशनरचा अधिकार मान्य केला हे खरे; पण अधिकार असणे वेगळे आणि तो शहाणपणाने वापरणे वेगळे.

खाडीपलीकडे

आपण दोघेही माणसांवर भांडत आहात. मला वाटते प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहावे. जगज्जेता असतानाही या संघाच्या घरच्या सामन्यांना 1973 च्या संपूर्ण हंगामात 10,00,763 आणि 1974 मध्ये 8,45,693 इतकेच प्रेक्षक आले. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची त्या काळची अवस्था याहून बिकट होती आणि 1976 च्या आरंभी तो संघ टोरांटोला जाता जाता राहिला. दोन संघ पोसण्याइतका त्या भागाचा उत्साह तेव्हा नव्हता. 1978 चा हंगाम सुरू झाला तेव्हा ओकलंडच्या सामन्यांचे रेडिओ प्रक्षेपण बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या केंद्रावरून होत होते, आणि 17 एप्रिल 1979 रोजी सिअ‍ॅटलविरुद्धच्या सामन्याला 653 माणसे आल्याचे जाहीर झाले. फिन्ली यांना संघ डेन्व्हरच्या मार्व्हिन डेव्हिस यांना विकून मोकळे व्हायचे होते, पण कोलिझियम या घरच्या मैदानाच्या भाडेकराराने त्यांचे हात बांधले. विकायला काढलेल्या घराला कोणी रंग देत नाही.

डावखुरा

प्रेक्षक नव्हते म्हणून संघ बिघडला, हा क्रम मला उलटा वाटतो. 1975 मध्ये संघाने विभाग जिंकला तेव्हा साडेदहा लाखांहून अधिक लोक आले. 1979 मध्ये 3,06,763. फिन्ली संघ विकून गेल्यानंतर 1981 मध्ये, खेळाडूंच्या संपामुळे हंगामाचा मोठा भाग वाया जाऊनही, त्याच शहरात आणि त्याच कोलिझियममध्ये 13 लाखांहून अधिक प्रेक्षक आले. भाडेकराराबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. अडकून पडलेला मालक अधिकच कंजूष होतो.

तिसरा बेस

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. हरण्याच्या त्या तीन वर्षांत संघात कोण येत होते, हे कोणी पाहिलेच नाही. मार्च 1977 मध्ये फिल गार्नर पिट्सबर्गला गेले आणि त्या बदल्यात आलेल्यांमध्ये टोनी आर्मास, मिचेल पेज आणि पिचर रिक लँगफर्ड होते. 1978 मध्ये ड्वेन मर्फी आले, आणि 24 जून 1979 रोजी रिकी हेंडरसन पहिला सामना खेळले. पिचर मॅट कीओ (सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर लागतो) 1979 मध्ये हंगामाच्या सुरुवातीचे सलग 14 सामने हरले. पुढच्याच वर्षी त्यांनी 16 जिंकले. 1980 मध्ये व्यवस्थापक बिली मार्टिन यांच्या हाताखाली हाच संघ 83 विजयांसह दुसरा आला, पिचर माइक नॉरिस यांनी 22 सामने जिंकले आणि हेंडरसन यांनी 100 बेस चोरले, म्हणजे चेंडू फटकावला जाण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. संघ हास कुटुंबाकडे, म्हणजे नव्या मालकांकडे, गेला तो त्या वर्षाच्या उत्तरार्धात. म्हणजे ही जमवाजमव फिन्ली यांच्याच कारकिर्दीतली होती. त्यांना खेळाडू ओळखता येत नव्हते, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही.

डावखुरा

तसे मी म्हटलेलेच नाही. उलट, आपण दिलेली यादी माझीच बाजू भक्कम करते. यातील बहुतेक सर्व खेळाडू कोवळे, कमी पगाराचे आणि मोकळे होण्यापासून कित्येक वर्षे दूर होते. जुन्या नियमांत त्यांना म्हातारे होईपर्यंत धरून ठेवता आले असते. नव्या नियमांत तेही सहा वर्षांनी पगार मागणार होते, आणि तेव्हा फिन्ली यांनी बँडो आणि रूडी यांना दिले तेच उत्तर हेंडरसन यांनाही दिले असते.

पूर्वार्ध

दिले असते, हे शक्य आहे. पण हेंडरसन यांना डिसेंबर 1984 मध्ये नव्या मालकांनीही यांकीजकडे पाठवलेच. फरक इतकाच की त्या वेळी बदल्यात पाच खेळाडू आले आणि कोणत्याही कमिशनरने तो व्यवहार अडवला नाही.